डोमेनचा मालक बदलला तर गूगलमधली जागा जाते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडवर चपलांचं दुकान. दुकानाची वेबसाइट काही वर्षांपूर्वी एका वेब डिझायनरनं करून दिली आणि तेव्हा डोमेन, म्हणजे साइटचा नावाचा पत्ता, त्यानं स्वतःच्याच नावावर घेतलं. आता तो हे काम बंद करतोय आणि डोमेन दुकानाच्या नावावर करून द्यायला तयार आहे. कोल्हापुरी चपलेसाठी शोध घेतला की दुकानाचं पान पहिल्या पानावर दिसतं. मालकाचं नाव बदललं की ही जागा जाईल अशी धास्ती आहे, आणि कुणीतरी 'मालक बदलला की गूगल साइट शून्यावर आणतं' असंही सांगितलंय.

मालकाच्या नुसत्या नावबदलानं क्रमवारी पडत नाही. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून शेतातला ऊस वाळत नाही. नव्या मालकानं त्याच आठवड्यात पाणी तोडलं तर वाळतो. डोमेनच्या बाबतीत हे पाणी तुटणं फार सहज घडतं. नाव बदलताना लोक नेमसर्व्हर (डोमेनची साइट कुठं आहे ते सांगणारे संगणक) बदलतात, होस्टिंग (साइट ठेवलेली जागा) बदलतात, 'आता आपलंच झालंय तर' म्हणून डिझाइन नवं करतात, पानांचे पत्ते बदलतात. महिन्याभरानं आलेख खाली आला की दोष नावबदलाला दिला जातो.

मालकाच्या नावाबद्दलची ही भीती कुठून आली तेही सांगतो. गूगलनं २००३ च्या डिसेंबरअखेरीस एका पेटंटसाठी अर्ज केला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पानांचा आणि दुव्यांचा इतिहास क्रमवारीसाठी कसा वापरता येईल याबद्दलच्या त्या अर्जात डोमेनची नोंदणी किती वर्षांची आहे यासारख्या बाबींचाही उल्लेख होता. 'दहा वर्षांचं नूतनीकरण एकदम करा, रँक वाढेल' हा सल्ला तिथूनच फिरतोय. पण पेटंटमध्ये लिहिलेलं सगळं वापरात असतंच असं नाही. शिवाय युरोपातला खासगी माहिती जपणारा जीडीपीआर कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून डॉट कॉमसारख्या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत बहुतेक वेळा मालकाचं नाव दिसतच नाही. जी माहिती बहुतांश साइटींची झाकलेली असते, तिच्यावर क्रमवारी बेतून शोधयंत्राला काय मिळणार? नोंदीतला बदल शोधयंत्राला दिसला तरी त्या बदलाला महत्त्व येतं ते साइटवरचा मजकूर आणि साइटचा हेतूही सोबत बदलला तरच.

म्हणून आधी ठरवा, नेमकं काय बदलतंय. एकाच रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे) एका खात्यातून दुसऱ्या खात्यात डोमेन ढकलणं हा सगळ्यात हलका प्रकार. रजिस्ट्रार बदलणं त्याहून थोडं जड. नेमसर्व्हर आणि होस्टिंग बदलणं आणखी जड, कारण इथं साइट बंद पडू शकते. पानांचे पत्ते आणि मजकूर बदलणं सगळ्यात जोखमीचं. आणि डोमेनचं नावच बदलणं ही वेगळीच गोष्ट. सर्च कन्सोल ही साइटमालकांसाठीची गूगलची सेवा, तिच्यातलं 'पत्ता बदल' हे साधन फक्त त्यासाठी आहे. मालक बदलला म्हणून ते वापरायचं नसतं. तुमचं काम पहिल्या प्रकारात भागतं, तर ते तिथंच ठेवा.

आता कामाचा क्रम. डोमेनला हात लावण्याआधी सर्च कन्सोलमध्ये स्वतःची मालकी सिद्ध करून घ्या. 'डोमेन प्रॉपर्टी' (अख्ख्या डोमेनची नोंद) निवडली तर एक टीएक्सटी नोंद (मजकुराची छोटी ओळ) मिळते, ती डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींच्या यादीत, टाकायची. डिझायनर अजून मदतीला आहे तोवर हे पाच मिनिटांचं काम आहे. तो फोन उचलेनासा झाला की तेच डोकेदुखी होतं. त्यानं तुम्हाला नुसतं 'वापरकर्ता' म्हणून जोडून भागवलं तर मान्य करू नका. तशी परवानगी तो उद्या काढून घेऊ शकतो. स्वतःच्या टीएक्सटी नोंदीवर उभी असलेली मालकी दुसऱ्याच्या हातात राहत नाही.

मालकी मिळाली की तीन ठिकाणं लगेच पाहा: 'मॅन्युअल ॲक्शन' (दंड), 'सुरक्षा समस्या' आणि 'रिमूव्हल्स' (निकालांतून पानं लपवण्याच्या विनंत्या). गूगलच्या माणसांनी लावलेला दंड डोमेनला चिकटलेला असतो, मालक बदलला म्हणून तो उतरत नाही. साइटकडे येणाऱ्या विकतच्या दुव्यांबद्दल दंड असेल तर शक्य तितके दुवे काढून घ्यायचे, उरलेल्यांची नाकारयादी ('हे दुवे धरू नका' असं गूगलला सांगणारी यादी) द्यायची आणि मग पुनर्विचाराचा अर्ज करायचा. (नाकारयादी डोमेन प्रॉपर्टीवर चालत नाही, त्यासाठी पूर्ण पत्त्याची वेगळी प्रॉपर्टी जोडावी लागते.) 'सुरक्षा समस्या'त हॅकिंग दिसू शकतं. गूगलमध्ये इंग्रजीत site: आणि त्याला जोडून आपलं डोमेन असं टाकून शोधलं आणि जपानी अक्षरांतली किंवा औषधांची पानं दिसली, तर कुणीतरी साइटमध्ये घुसून पानं पेरली आहेत असं समजा. ती घाण पूर्वीच्या माणसाच्या काळातली असली तरी साफ तुम्हालाच करावी लागेल.

त्यानंतर आजची स्थिती जतन करा. सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतं आणि एका तक्त्यातून १००० ओळीच उतरवू देतं, म्हणून शोधशब्द आणि पानं असे दोन तक्ते वेगवेगळे उतरवा. साइटवरच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढा. ५०० पत्त्यांपर्यंत स्क्रीमिंग फ्रॉग या साइट तपासणाऱ्या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती पुरते आणि चपलांच्या दुकानाच्या साइटला तेवढी भरपूर होते. फायली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप स्वतःच्या डिस्कवर घ्या. डीएनएसमधल्या प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट काढा: ए (सर्व्हरचा पत्ता), सीनेम (टोपणनाव), एमएक्स (ईमेल) आणि सगळ्या टीएक्सटी. पुढे गोंधळ झाला तर पहिल्यांदा हेच स्क्रीनशॉट उघडाल.

प्रत्यक्ष हस्तांतरात एक खाच अशी आहे की बहुतेकांना ती साइट बंद पडल्यावर कळते. आयकॅन या डोमेन व्यवस्थेच्या जागतिक संस्थेच्या नियमाप्रमाणे डॉट कॉमसारख्या डोमेनवर नव्या मालकाची माहिती भरली की ईमेल पडताळणीचं पत्र येतं. १५ दिवसांत त्यातल्या दुव्यावर क्लिक झालं नाही तर रजिस्ट्रार डोमेन स्थगित करू शकतो. पत्र स्पॅममध्ये पडतं, कुणी पाहत नाही, आणि सोळाव्या दिवशी साइटच्या जागी रजिस्ट्रारचं पाटीवजा पान दिसायला लागतं. दोन-तीन तासांत लक्षात आलं तर फारसं नुकसान नाही. आठवडाभर तसंच राहिलं तर पानं गूगलच्या यादीतून गळायला लागतात. त्यातही वाईट म्हणजे संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा असणं. डोमेन स्थगित झालं की तो ईमेलही बंद, मग पडताळणीचं पत्र येणार कुठं? मालकाच्या नोंदीत नेहमी वेगळा, जीमेलसारखा पत्ता द्या. तो दुकानाच्या मालकाच्या हातातला हवा. काउंटरवर बसणाऱ्या मुलाचा नको.

संस्थेच्या रकान्यात जीएसटी नोंदणीत आहे तसंच फर्मचं नाव भरा. उद्या वाद झाला तर डोमेन कुणाचं हे ठरवताना तो रकाना बोलतो.

रजिस्ट्रारही बदलायचा असेल तर आधी रजिस्ट्रार बदला आणि नाव नंतर. आयकॅनच्या १ डिसेंबर २०१६ पासूनच्या नियमानं मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की ६० दिवस रजिस्ट्रार बदलता येत नाही. काही रजिस्ट्रार बदलाआधी या कुलपातून सूट घेऊ देतात, पण ती आधीच मागावी लागते. डॉट कॉमच्या रजिस्ट्रार बदलात डोमेनची मुदत एक वर्षानं वाढते आणि जुन्या रजिस्ट्रारनं स्वतःहून मोकळीक दिली नाही तर साधारण पाच दिवस जातात. डॉट इन हे निक्सी या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत येतं, आयकॅनचे हे नियम त्याला जसेच्या तसे लागू नाहीत. तुमच्याकडे दोन्ही असतील तर दोन्हींची चौकशी वेगवेगळी करा.

खात्यातून खात्यात डोमेन ढकलताना नेमसर्व्हर तेच राहिले का हे लगेच तपासा. काही ठिकाणी डोमेन नव्या खात्यात आलं की नेमसर्व्हर रजिस्ट्रारच्या मूळ नेमसर्व्हरवर परत जातात आणि जुन्या खात्यातल्या डीएनएस नोंदी मागंच राहतात. डीएनएस क्लाउडफ्लेअर या सेवेवर असेल तर वेगळाच पेच: डोमेन तुमच्या नावावर आलं तरी डीएनएसची दोरी डिझायनरच्या क्लाउडफ्लेअर खात्यातच राहते. मग स्वतःच्या खात्यात डोमेन जोडायचं, सगळ्या नोंदी स्क्रीनशॉटशी ताडून भरायच्या आणि त्यानंतरच नवे नेमसर्व्हर लावायचे. नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी डीएनएससेक (डीएनएसची उत्तरं खरी आहेत का हे डिजिटल सहीवरून पडताळणारी व्यवस्था) चालू आहे का पाहा. चालू असेल तर आधी रजिस्ट्रारकडची डीएस नोंद (या सहीची खूण) काढा, किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या, मग बदल करा. जुनी डीएस नोंद तशीच राहिली तर नव्या नेमसर्व्हरची उत्तरं खोटी समजून नाकारली जातात. मग काहींना साइट दिसते, काहींना दिसत नाही, आणि दुकानात बसून ती व्यवस्थित चालताना दिसत असल्यामुळे कारण सापडत नाही. गूगलचा स्वतःचा सार्वजनिक डीएनएस ही पडताळणी करतो, म्हणून मोबाइलच्या डीएनएस सेटिंगमध्ये त्याचा ८.८.८.८ हा पत्ता लावून एकदा साइट उघडून पाहायला विसरू नका.

हा टप्पा झाला की थांबा. निदान चार ते सहा आठवडे होस्टिंग, थीम, पत्ते, मजकूर यातल्या कशालाच हात लावू नका. एका वेळी एकच बदल केला तर बिघाडाचं कारण सापडतं. चार बदल एकत्र केले तर कुणालाही विचारा, उत्तर अंदाजानंच मिळेल. याबाबतीत मी आग्रही आहे, कारण दुकानदाराचं खरं नुकसान नवी साइट गणपती-दिवाळीच्या तोंडावर घाईनं चढवण्यातून होतं.

होस्टिंग हलवायची वेळ येईल तेव्हा दोन दिवस आधी ए नोंदीचा टीटीएल (इतर संगणकांनी नोंद किती वेळ जपून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. जुनी साइट बंद न करता नवीन उभी करा आणि जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये गूगलबॉटच्या (साइट वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमच्या) फेऱ्या थांबल्यावरच जुनं होस्टिंग सोडा. सर्व्हरचा आयपी पत्ता बदलल्यानं क्रमवारी हलत नाही. नव्या सर्व्हरचा वेग अजमावत असताना गूगलबॉट काही दिवस फेऱ्या कमी करतो, तेवढंच. काही तास साइट बंद ठेवावीच लागली तर सर्व्हरनं ५०३ हे 'तात्पुरतं बंद' असं उत्तर द्यावं. 'काम चालू आहे' असं पान २०० या यशस्वी उत्तरासह दिलं तर गूगल त्यालाच तुमच्या साइटचा मजकूर समजतं. ५०३ सुद्धा एक-दोन दिवसांपलीकडे नको. रोबोट्स फाइलचं (गूगलबॉटनं कुठं जावं ते सांगणाऱ्या फाइलचं) उत्तरही तपासा. ती ५०० च्या घरातली चूक देऊ लागली तर गूगलबॉट सुरुवातीला फेऱ्याच थांबवतो, आणि साइट माणसांना नीट दिसत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

साइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल तर हलवल्याबरोबर सेटिंग्जमधल्या 'रीडिंग' पानावरची शोधयंत्रांना रोखणारी चौकट पाहा. चाचणीच्या प्रतीवर ती खूण करतात आणि प्रत तशीच खऱ्या साइटवर चढते. प्रत्येक पानावर नोइंडेक्स ('यादीत घेऊ नका' ही सूचना) लागतं आणि पहिल्यांदा जातं ते मुखपान, कारण गूगल त्याच पानावर सगळ्यात वारंवार येतं.

मराठी मजकुराच्या साइटींना आणखी एक धोका आहे आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तो सहसा सापडत नाही. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याच्या शेवटच्या तुकड्यासाठी २०० अक्षरांची जागा असते. देवनागरी अक्षर तिथं टक्केचिन्हांच्या रूपात साठवलं जातं आणि एकेका वर्णाला किंवा मात्रेला नऊ जागा लागतात. म्हणजे साधारण २२ वर्ण-मात्रांतच पत्ता तुटतो. नव्या साइटवर लेख पुन्हा टाकताना शीर्षक किंचित बदललं, किंवा नव्या प्रणालीनं पत्ता तोडलाच नाही, की जुना आणि नवा पत्ता जुळत नाही आणि पान ४०४ ('सापडलं नाही') होतं. डोळ्यांना दोन्ही पत्ते सारखेच वाटतात. म्हणून जुन्या पत्त्यांची यादी टक्केचिन्हांसकट ठेवा आणि त्यावरूनच तपासणी करा. डेटाबेस हलवताना अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ किंवा निदान यूटीएफ८ आहे का पाहा, नाहीतर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात आणि ती जतन झाल्यावर परत अक्षरं होत नाहीत. त्या वेळी फक्त जुना बॅकअप वाचवतो.

पत्ते बदलावेच लागले तर प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच विषयाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ (कायमचं वळण) द्या. कापशी या चपलेच्या प्रकाराचं पान नव्या कापशीच्या पानाकडे जायला हवं. सगळे जुने पत्ते मुखपानाकडे वळवले तर गूगल ते वळण मानत नाही, ती पानं नाहीशी झाली असंच धरतं, आणि त्या पानांनी मिळवलेले दुवे वाया जातात. ही वळणं निदान वर्षभर ठेवा. कायमची ठेवलीत तर आणखी चांगलं.

तुमच्यासारख्या दुकानाला नकाशातली नोंद वेबसाइटइतकीच महत्त्वाची आहे. शिवाजी चौकात उभं राहून 'जवळचं चपलांचं दुकान' शोधणाऱ्याला आधी नकाशा दिसतो. ही नोंद, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल, डिझायनरच्या खात्यात असेल तर तिची प्राथमिक मालकी मागून घ्या. त्यानं तुम्हाला मालक म्हणून जोडल्यावर सात दिवस थांबावं लागतं, त्याआधी प्राथमिक मालकी हलवता येत नाही. तो जाण्याच्या आदल्या दिवशी हे सुरू करून चालणार नाही. मालकी बदलल्यानं परीक्षणं जात नाहीत. ती जातात वैतागून नवीन प्रोफाइल उघडल्यामुळे: एकाच दुकानाच्या दोन नोंदी होतात आणि जमलेली परीक्षणं जुनीवर अडकतात. दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन आहेत तसेच ठेवा.

सगळं हातात आल्यावर जुन्या माणसाच्या खुणा काढा: सर्च कन्सोलमधल्या मालकांच्या यादीतलं त्याचं नाव, त्याची डीएनएसमधली टीएक्सटी नोंद, साइटच्या फोल्डरमधली त्याची एचटीएमएल पडताळणी फाइल, वर्डप्रेसचं प्रशासक खातं, होस्टिंगचे पासवर्ड. फक्त नाव काढून भागत नाही. खूण शिल्लक असेल तर तो पुन्हा मालकी सिद्ध करू शकतो. आणि मालकाला 'रिमूव्हल्स'मधून अख्खी साइट सुमारे सहा महिने निकालांतून लपवता येते. माणूस चांगला असला तरी त्याचं खातं उद्या तिसऱ्याच्या हातात पडू शकतं. मात्र क्रम उलटा करू नका. तुमची स्वतःची पडताळणी पक्की झाल्यावरच त्याची काढा.

कागदावरही लिहून घ्या. डोमेन मिळालं म्हणजे साइटवरचे फोटो, मजकूर आणि लोगोचे हक्क आपोआप येत नाहीत. डिझायनरनं काढलेले चपलांचे फोटो वापरता येणार नसतील तर ते उतरवावे लागतील, आणि चित्रशोधातून येणारं गिऱ्हाईक त्यांच्याबरोबर जाईल.

नंतरचे दोन महिने आठवड्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा. क्लिकऐवजी आधी सरासरी स्थान पाहा. स्थान तेच आणि दर्शनं (निकालांत दिसण्याचे प्रसंग) कमी, तर लोक कमी शोधतायत. त्याचा नावबदलाशी संबंध नाही. चपलांच्या बाबतीत हे विशेष जपून पाहावं लागतं. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोनंतर कोल्हापुरी चपलेची चर्चा देशभर पेटली होती. तसल्या काळातले आकडे पाया धरले तर पुढचा प्रत्येक महिना घसरणीचाच दिसेल. पावसाळ्यातल्या आकड्यांची तुलना आधीच्या पावसाळ्याशीच करा. स्थानही घसरलं असेल तर 'पेज इंडेक्सिंग' अहवालात पानं गळतायत का पाहा. गळत असतील तर कारण नोइंडेक्स, ४०४ किंवा रोबोट्स यातलंच बहुधा निघेल. 'क्रॉल स्टॅट्स' या गूगलबॉटच्या फेऱ्यांच्या अहवालात डीएनएस किंवा सर्व्हरच्या जोडणीत लाल खूण असेल तर आधी ती दुरुस्त करा. पानं जागेवर आहेत, खुणा हिरव्या आहेत आणि तरी स्थान सगळीकडे सारखं खाली आलंय, तर त्याच दिवसांत गूगलचं एखादं मोठं अपडेट आलं का ते शोधा.

'मालक बदलला की साइट शून्यावर' या म्हणण्यात खरं आहे ते एका वेगळ्या प्रकाराबद्दल. मुदत संपून सुटलेलं दुसऱ्याचं डोमेन त्याच्या जुन्या दुव्यांसाठी उचलायचं आणि त्यावर असंबद्ध दुकान मांडायचं, याला गूगलनं मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅम धोरणात नाव घेऊन जागा दिली. एखाद्या शाळेचं किंवा क्रीडामंडळाचं सुटलेलं डोमेन घेऊन त्यावर चपला विकायला काढल्या तर जुने दुवे उपयोगी पडणार नाहीतच, वर दंडाची टांगती तलवार. कुणी 'ऑथॉरिटी डोमेन' म्हणून असं काही विकायला आला तर जुन्या साइटींच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पत्त्याची मागची वर्षं उघडून पाहा, तिथं काय चालायचं ते दिसतं. तुमचं दुकान तेच, साइट तीच, माल तोच. हे धोरण तुमच्यासाठी नाही.

शेवटचं काम नूतनीकरणाचं. आपोआप नूतनीकरण आजवर डिझायनरच्या कार्डावर चालत असणार आणि हस्तांतरानंतर ते बंद पडतं. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवसांची सवलत मिळते, मग ३० दिवस जादा दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते कुणालाही घेता येतं. हस्तांतर झालं त्याच दिवशी स्वतःचं कार्ड जोडा आणि तीन वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. त्यानं क्रमवारी वाढणार नाही. कार्ड नाकारलं गेलं तरी डोमेन मात्र हातात राहील.